प्रश्न तोच, उत्तर वेगळे

2027 च्या जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः जातीच्या रकान्याची. ते स्वाभाविकच होते. 1931 नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची मोजदाद व्हावयाची आहे आणि आरक्षणाच्या राजकारणातील पुढचे कित्येक डाव या आकड्यांवर खेळले जाणार आहेत. त्या गदारोळात दुसरा एक बदल जवळजवळ चर्चेवाचूनच राहून गेला. प्रगणकाची वाट न पाहता आपल्या कुटुंबाची माहिती ऑनलाइन स्वतःच भरण्याची मुभा या जनगणनेत नागरिकांना देण्यात आली आहे. जो ती भरणार नाही त्याच्या दारी नेहमीप्रमाणे प्रगणक येईल. तो बहुधा जवळपासच्या शाळेतला शिक्षक असेल. ओटीवर किंवा जिन्यात उभा राहून तो प्रश्न विचारील आणि मिळालेली उत्तरे आपल्या मोबाइलमध्ये नोंदवील. सोय म्हणून या व्यवस्थेचे स्वागत करण्यास हरकत नाही. पण मास्तरांसमोर चारचौघांत दिलेले उत्तर आणि रात्री जेवणानंतर एकट्याने पडद्यावर भरलेले उत्तर ही एकाच मोलाची असतात, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीत तपासून पाहावयास हवे. कारण लोकमत पाहणीच्या शास्त्राचा गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने 2015 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार उद्बोधक आहे. केंद्राच्या पाहण्यांत एरवीही भाग घेणाऱ्या 3,003 व्यक्तींची, चिठ्ठ्या टाकून करावी तशी, दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला दूरध्वनीवरून प्रश्न विचारले, दुसऱ्याला तेच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर दाखवले. शब्द तेच, काळ तोच, माणसेही एकाच समुदायातून निवडलेली. फरक एवढाच की एका बाजूस कानाशी जिवंत माणसाचा आवाज होता आणि दुसऱ्या बाजूस कोणीच नव्हते. एकंदर 60 प्रश्नांच्या उत्तरांत दोन्ही गटांत सरासरी साडेपाच टक्क्यांचा फरक पडला. काही प्रश्नांत तो शून्य होता, तर एका प्रश्नात थेट 18 टक्के.

हा 18 टक्क्यांचा फरक कोणत्या प्रश्नावर पडला? परराष्ट्र धोरणावर नव्हे, कररचनेवरही नव्हे. कौटुंबिक आयुष्याबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात, या साध्या प्रश्नावर तो पडला. दूरध्वनीवर 62 टक्के लोकांनी आपण अत्यंत समाधानी असल्याचे सांगितले. पडद्यावर तसे सांगणारे 44 टक्केच निघाले. अमेरिकन माणूस मनातले फटकन बोलून टाकतो अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु वाटेत भेटलेल्याने ‘काय, कसं काय?’ म्हणून विचारले की ‘बरं चाललंय’ असे म्हणून पुढे सरकण्याची आपल्याकडची रीत त्यालाही परकी नाही, असे या आकड्यांवरून दिसते. परक्या आवाजाला घरातली धुसफूस सांगायची नसते, हे शहाणपण कोणत्याही देशाच्या मक्त्याचे नाही. झाकली मूठ सगळीकडेच सव्वा लाखाची असते.

राजकीय प्रश्नांतही हेच दिसले. हिलरी क्लिंटन यांच्याविषयी आपले मत अत्यंत प्रतिकूल असल्याचे पडद्यावर 53 टक्के रिपब्लिकनांनी नोंदवले. दूरध्वनीवर हेच प्रमाण 36 टक्के होते. समलिंगी व्यक्तींना मोठ्या प्रमाणावर भेदभाव सोसावा लागतो, असे दूरध्वनीवर 62 टक्क्यांनी म्हटले, तर पडद्यावर 48 टक्क्यांनी. म्हणजे ऐकणारा कोणी असला की माणूस अधिक सौम्य, अधिक समाधानी आणि दुसऱ्याच्या दुःखाची अधिक जाण असलेला होतो. तो एकटा असला की त्याच्या जिभेवरची सभ्यता उतरते. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. दूरध्वनीवरचे उत्तर हे संभाषणाचा भाग असते आणि संभाषणात समोरच्याचे मन राखणे हा माणसाचा स्वभावच आहे. पाहणीचे शास्त्र त्या स्वभावाला ‘दोष’ म्हणते, एवढेच.

मग यांतले खरे उत्तर कोणते? कौटुंबिक समाधान मोजण्याची कोणतीही दुसरी पट्टी उपलब्ध नसल्याने या प्रयोगावरून ते ठरवता येत नाही. परंतु ज्याचे खरे उत्तर कागदोपत्री आधीच नोंदलेले आहे असा प्रश्न विचारला तर? मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. शिक्षणकाळात एखाद्या विषयात नापास झाला होता काय, आपल्या विद्यापीठाला कधी देणगी दिली होती काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. विद्यापीठाच्या दप्तरात प्रत्येकाचे गुण व देणग्या नोंदलेल्या असल्याने कोण खरे बोलतो आणि कोण लपवतो हे पडताळता येत होते. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाशी प्रत्यक्ष माणूस दूरध्वनीवर बोलला, दुसऱ्याला दूरध्वनीवरच ध्वनिमुद्रित आवाजाने प्रश्न विचारले, तिसऱ्याने संगणकावर उत्तरे भरली. जिवंत माणसाला उत्तर देणाऱ्यांनी आपले अपयश सर्वांत अधिक लपवले, संगणकासमोर ते सर्वांत अधिक कबूल झाले आणि यंत्राच्या आवाजाला उत्तर देणारे या दोहोंच्या मध्ये राहिले. पदवी मिळून कित्येक वर्षे लोटल्यावरही नापास झाल्याची गोष्ट एका अनोळखी आवाजाला सांगणे जड जाते, हे लक्षात घेतले म्हणजे उत्पन्न, कर्ज, दारू, मारहाण यांसारख्या प्रश्नांवर दूरध्वनीवरून मिळणाऱ्या आकड्यांकडे कोणत्या नजरेने पाहावे हे निराळे सांगावयास नको.

एवढ्यावरून पडदा म्हणजे सत्य आणि आवाज म्हणजे शिष्टाचार, असे सूत्र बनवण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे पडद्यासमोर बसून कोण उत्तर देतो हा प्रश्न आधीचा आहे. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली. इतका प्रचंड नमुना त्यापूर्वी क्वचितच कोणी हाताळला असेल. निष्कर्ष निघाला की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. नावे प्रामुख्याने दूरध्वनी-सूची आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती; मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी आणि दारी मोटार आहे असा माणूस कोणाच्या बाजूचा असणार, हे उघड होते. शिवाय आपण होऊन मतपत्रिका परत धाडण्याचे कष्ट घेणारे मुळातच चिडलेले किंवा उत्साही असतात. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून बरोबर भाकीत केले. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. आज वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर ‘आपला कौल द्या’ म्हणून जो खेळ चालतो आणि लाखोंच्या प्रतिसादाचा जो डंका पिटला जातो, तो या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती होय. फरक इतकाच की आता त्यावरून कोणी बंद पडत नाही.

दूरध्वनीची अवस्थाही याहून फार बरी राहिलेली नाही. प्यू केंद्रालाच 1997 मध्ये दूरध्वनीवरील पाहणीत 36 टक्के प्रतिसाद मिळत असे. 2018 मध्ये तो 6 टक्क्यांवर आला. शंभरांतील चौऱ्याण्णव जण उत्तर न देता सुटतात, तेव्हा उरलेल्या सहांचे मत म्हणजे लोकमत असे म्हणण्यापूर्वी बरीच आकडेमोड आणि त्याहून बरीच श्रद्धा लागते. पर्यायांच्या क्रमाची गंमत तर अशी की डोळ्यांनी वाचणारा यादीतील पहिल्या पर्यायांकडे झुकतो आणि कानांनी ऐकणारा शेवटच्या, कारण तेवढेच त्याच्या ध्यानात राहिलेले असतात. या गोष्टीचा अभ्यास 1980 च्या दशकातच झाला आहे.

आता हा विषय आपल्या अंगणात आणून पाहू. आवाजामागे कोण आहे हे ओळखण्याची आपली पद्धत अमेरिकनांहून निराळी आहे. तिकडे कातडीचा रंग बोलतो. 1942 साली मेम्फिस येथे कृष्णवर्णीयांना विचारले गेले की लष्करात तुमच्या लोकांना अन्यायाने वागवले जाते काय. कृष्णवर्णीय प्रश्नकर्त्यांना 35 टक्क्यांनी होय म्हणून सांगितले. गोऱ्या प्रश्नकर्त्यांना 11 टक्क्यांनी. आपल्याकडे हे काम आडनाव करते. खेड्यात पाहणीसाठी गेलेल्या तरुणाला पाण्याचा तांब्या पुढे करण्यापूर्वी ‘आडनाव काय? गाव कोणतं?’ हे दोन प्रश्न विचारले जातात. मग पाहणी सुरू होते. प्रश्नावली पाहुण्याच्या हातात असते खरी, पण पहिली चौकशी यजमानाने केलेली असते आणि पुढची निम्मी उत्तरे तीतच ठरून गेलेली असतात. दूरध्वनीवर ही चौकशी जमत नाही असे नाही; भाषेचा हेल आणि सांगितलेले नाव पुरेसे असते.

अस्पृश्यतेसंबंधीच्या पाहण्यांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 2011-12 च्या भारतीय मानव विकास पाहणीत घरोघर जाऊन विचारले असता सुमारे 27 टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळत असल्याचे मान्य केले. कायद्याने 1955 पासून गुन्हा ठरलेली गोष्ट परक्या माणसासमोर चारातील एकाहून अधिक घरांनी कबूल करावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पुढे 2016 पासून संशोधकांच्या एका गटाने दिल्ली, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मुंबईसह काही भागांत दूरध्वनीवरून सामाजिक वृत्तींची पाहणी केली. पुरुषांशी पुरुषांनी आणि स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे अशी दक्षता तीत घेतलेली होती. अमेरिकेतील अनुभव प्रमाण मानला तर कानाशी आवाज आल्यावर लोकांनी आपले पूर्वग्रह झाकायला हवे होते. परंतु आंतरजातीय विवाहांना कायद्याने बंदी असावी असे त्या आवाजाला बिनदिक्कत सांगणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नव्हती. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. माणूस लाजेस्तव लपवतो हे खरे. पण लाज कशाची वाटते हे समाज ठरवतो. ज्या गोष्टीची चारचौघांत लाज वाटत नाही ती दूरध्वनीवरही झाकली जात नाही. म्हणजे उत्तराच्या साधनामुळे पडणारा फरक हाच एक सामाजिक निर्देशांक आहे आणि परदेशी पाठ्यपुस्तकातील सुधारणेची सूत्रे जशीच्या तशी येथे लावता येत नाहीत.

एकांताचा प्रश्न याहून बिकट आहे. पाश्चात्त्य पाहणीशास्त्रात मोबाइल म्हणजे एका माणसाचे खाजगी साधन असे गृहीत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, स्वतः वापरत असलेला मोबाइल आपल्याजवळ आहे असे सांगणाऱ्या 15 ते 49 वयोगटातील स्त्रिया देशात 54 टक्के निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के होत्या. पुरुषांत हे प्रमाण 57 टक्के होते. उरलेल्या घरांत मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. तो उचलणारा निराळा, बोलणारी निराळी आणि ऐकणारे घर अवघे. त्या अवस्थेत सासू शेजारी बसलेली असताना सून दूरध्वनीवर काय सांगणार?

ही अडचण पुरती ओळखूनच मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या या कुटुंब आरोग्य पाहणीने घरातील मारहाणीच्या प्रश्नांपुरता एक कडक दंडक घातला. एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावयाचे आणि संपूर्ण एकांत मिळाल्याशिवाय विचारावयाचेच नाहीत. एकांत मिळाला नाही तर तो भाग कोरा सोडून पुढे जावयाचे. या मार्गाने मिळालेला आकडा असा की 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. येथे समोर जिवंत प्रश्नकर्ती होती, यंत्र नव्हते. तरीही उत्तर मिळाले, कारण ज्याची भीती होती तो कान दूर ठेवला होता. प्रश्नकर्ता असण्याने सत्य दडते हे अर्धेच खरे आहे. कोणत्या प्रश्नकर्त्याने आणि कोणाच्या देखत, हे त्यात जोडावे लागते. उलट कानाला यंत्र लावून, पडद्यावर कळ दाबून गुप्तपणे उत्तरे देण्याचे प्रयोग भारतातील शहरी तरुणांवर झाले तेव्हा त्यांचे निष्कर्ष सरसकट एका बाजूला गेले नाहीत. आपली कबुली यंत्राच्या पोटातून कोणाच्या टेबलावर जाणार याची खात्री नसेल तर पाहणीसाठी आलेल्या एखाद्या मायाळू बाईपेक्षा यंत्रच अधिक परके वाटते.

निवडणूक पाहण्यांत दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन केंद्राच्या लोकनीती गटाने यावर जुन्या वळणाचा तोडगा काढला आहे. मतदानोत्तर पाहणीत ते नमुना मतपत्रिका आणि पेटी घेऊन घरी जातात. उत्तर देणारा खूण करतो, घडी घालतो, पेटीत टाकतो. कोणाला मत दिले हे तोंडाने उच्चारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. दलित वस्तीतील किंवा अल्पसंख्य मतदाराला हे उच्चारणे किती अवघड असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच अशी पेटी सुचू शकते. 2004 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये मतदानोत्तर भाकिते सपशेल फसली, त्याची कारणे अनेक असतील. परंतु गप्प राहणाऱ्या मतदाराला बोलते करण्याचे साधन चुकले हे त्यांतले एक कारण तपासण्याजोगे आहे.

प्रश्नकर्ता सरकारी असला म्हणजे तर उत्तराला आणखी एक पदर सुटतो. जानेवारी 2024 च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य मागासवर्ग आयोगासाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी मोबाइलवरील प्रश्नावली घेऊन साऱ्या राज्यात घरोघर पाहणी केली. दीडशेहून अधिक प्रश्न आणि सुमारे दहा दिवसांचा अवधी. आरक्षणाचे आंदोलन ऐन भरात होते आणि ही पाहणी कशासाठी आहे हे प्रत्येक घराला माहीत होते. लोकांनी खोटे सांगितले असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणणे उचितही नव्हे. परंतु तलाठी किंवा शिक्षक दारी येऊन घराच्या भिंती, जमीन, शिक्षण विचारतो, तेव्हा या उत्तरातून आपल्याला काय मिळेल आणि काय जाईल, याचा हिशेब मनात केल्यावाचून कोणता कुटुंबप्रमुख बोलेल? तीच प्रश्नावली एखाद्या विद्यापीठाने कोणताही निर्णय डोळ्यांपुढे नसताना नेली असती तर काय निघाले असते, हे ताडून पाहण्याची सोय कोणी ठेवली नाही. आपल्या पाहण्यांत ती कधीच ठेवली जात नाही.

साधनाने उत्तराचे काय होते याचे सर्वांत प्रचंड उदाहरणही आपल्याच दप्तरात आहे. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत जातीचे नाव सांगितले जाईल तसे नोंदवण्यात आले. 1931 च्या जनगणनेत 4,147 जाती निघाल्या होत्या. या गणनेत 46 लाखांहून अधिक निघाल्या. महाराष्ट्रात अधिसूचित जाती 494 असताना नोंदी 4,28,677 झाल्या. हे आकडे केंद्र सरकारनेच 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. ऐंशी वर्षांत जाती हजारपट वाढल्या असे कोणीच म्हणणार नाही. पोटजात, कूळ, आडनाव, देवक आणि एकाच नावाची दहा प्रकारची लेखने यांनी तो आकडा फुगला. उलट ठरीव यादी समोर ठेवून निवड करावयास लावली असती तर आकडा आटोक्यात राहिला असता. पण यादीत ज्यांचे नाव नाही अशा लहान भटक्या जमाती शेजारच्या मोठ्या नावाखाली नाहीशा झाल्या असत्या. मोकळी जागा आणि ठरीव यादी, दोन्ही आपापल्या परीने उत्तर घडवतात.

2027 मध्ये हे सर्व एकत्र येणार आहे. ऑनलाइन माहिती कोण भरील? पुण्या-मुंबईच्या सदनिकांतील शिकलेले, इंटरनेटशी सरावलेले, बहुशः पुरुष. मास्तरांपुढे कोण बोलेल? वाडी-वस्तीवरचे, पालावरचे आणि वृद्ध. पहिल्या गटाची उत्तरे एकांतातली असतील, दुसऱ्याची चारचौघांतली. मग जेव्हा तक्ते प्रसिद्ध होतील आणि शहरी-ग्रामीण, उच्च-कनिष्ठ असे फरक त्यांत दिसतील, तेव्हा त्यांतला समाजाचा फरक किती आणि साधनाचा किती, हे कशावरून ओळखायचे? जळगाव-धुळ्याकडच्या घरात अहिराणी बोलणारे कुटुंब शाळामास्तरांना मातृभाषा ‘मराठी’ सांगेल, आणि त्याच कुटुंबातला पुण्यात नोकरीला असलेला मुलगा पडद्यावर अभिमानाने ‘अहिराणी’ लिहील. किंवा नेमके याच्या उलटही घडेल. दोन्ही उत्तरे प्रामाणिकच असतील. त्यांची बेरीज करून खानदेशात एखादी भाषा वाढली किंवा घटली असा निष्कर्ष काढणे मात्र घातक होईल.

उपाय अवघड नाही. कोणती नोंद नागरिकाने स्वतः भरली आणि कोणती प्रगणकाने विचारून घेतली, याची खूण यंत्रणेत राहणारच आहे. मातृभाषा, धर्म, जात आणि अपंगत्व या चार विषयांचे तक्ते त्या खुणेनुसार वेगळे छापावेत. त्याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात थोडी घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि त्यांतल्या निम्म्यांकडे प्रगणक पाठवावा, निम्म्यांना पडद्यावर उत्तरे भरू द्यावीत. या दोन आकड्यांतले अंतर जिल्हावार हाती आले, तर 1931 चा तक्ता आणि 2027 चा तक्ता शेजारी मांडून भांडणाऱ्यांना निदान कोणत्या अंतरावरून भांडायचे ते कळेल. घरमोजणीपासून प्रत्यक्ष लोकगणनेपर्यंत मध्ये काही महिने ठेवलेले आहेत, तेवढा अवकाश या कामाला पुरेसा आहे.